पायाखालची फळी

1990च्या दशकात रोह्यात वाढलेल्या मुलांना मारिओ भेटला तो टीव्ही गेममध्ये. निन्टेन्डोच्या जपानी यंत्राच्या स्वस्त नकला तेव्हा गावोगावी पोचल्या होत्या. सुट्टीत ज्याच्या घरी तो डबा असेल त्याच्या घरी सगळी आळी गोळा व्हायची. कॅसेटवर हजारो गेम असल्याचं छापलेलं असे आणि आत तेच ते दहा-बारा फिरून फिरून येत. गेम जपून ठेवायची सोय नव्हती. लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. रोह्यात लिफ्ट असलेली इमारत तेव्हा मला ठाऊक नव्हती, त्यामुळे लिफ्टवर आधी मारिओ चढला आणि मग बऱ्याच वर्षांनी मी.

त्या गेममधली कासवं आणि चालत येणारी अळंबी यांची भीती लवकर गेली. फळ्यांची गेली नाही. खाली काळी पोकळी, मध्ये वर-खाली जाणारी एक अरुंद फळी आणि रिमोटवरचा घामेजलेला अंगठा. शत्रू अंगावर येतो, त्याला चुकवता येतं, मारता येतं. फळी मात्र आपल्यामागे लागत नाही. ती आपल्या वेळापत्रकानं चालते आणि तिच्या चालीशी आपली चाल जुळवावी लागते. म्हणूनच उड्यांच्या खेळांतलं सगळ्यात विचारपूर्वक घडवलेलं यंत्र मी फळीलाच म्हणेन.

तिचं एक जुनं रूप 1981च्या डाँकी काँगमध्ये आहे. शिगेरू मियामोतो यांच्या या आर्केड गेमच्या एका टप्प्यात एका बाजूच्या फळ्या सतत वर जातात, दुसऱ्या बाजूच्या सतत खाली. वरच्या किंवा खालच्या टोकापर्यंत फळीवर उभे राहिलात तर मेलात, आणि स्वतःच्या उंचीपेक्षा जास्त खाली पडलात तरी मेलात. चार वर्षांनी, सप्टेंबर 1985मध्ये, सुपर मारिओ ब्रदर्स आला. त्यात पडण्याची शिक्षा सौम्य झाली, मारिओ कितीही उंचावरून जमिनीवर सुखरूप उतरू लागला, आणि फळ्यांचे प्रकार वाढले. पहिल्या जगाच्या दुसऱ्याच टप्प्यात वर-खाली जाणाऱ्या फळ्या येतात, तिसऱ्यात डावी-उजवीकडे सरकणाऱ्या. पुढे तिसऱ्या जगात तराजू येतो: दोरीच्या दोन टोकांना दोन फळ्या, एकीवर उभं राहिलं की ती खाली आणि दुसरी वर. फार वेळ थांबलं तर दोन्ही कोसळतात.

हा अख्खा गेम 40 किलोबाइटमध्ये बसलेला आहे. आज मोबाइलवर काढलेला एक साधा फोटो याच्या कितीतरी पट जागा खातो. निन्टेन्डोच्या त्या यंत्रात मागचं चित्र आठ बाय आठ ठिपक्यांच्या ठोकळ्यांचं आणि आपापल्या जागी बसवलेलं असे. ज्याला स्वतंत्रपणे हलायचं त्याला वेगळ्या सुट्या तुकड्यांचं बनावं लागे, आणि पडद्यावरच्या एका आडव्या रेषेत असे आठच तुकडे दिसू शकत. मारिओची मोठी फळी सहा तुकड्यांची आहे, म्हणजे एकटीच त्या रेषेतला बहुतेक वाटा खाते. पुढच्या अवघड टप्प्यांत तिचे शेवटचे दोन तुकडे पडद्याबाहेर टाकले जातात आणि फळी चार तुकड्यांची होते. नवं चित्र काढायला नको, नवी जागा लागत नाही, आणि खेळ कठीण होतो. इतक्या काटकसरीनं केलेल्या कारागिरीपुढे मी मनापासून नमतो.

फळीवर उभ्या असलेल्या मारिओला तिच्याबरोबर नेणं हेही आपोआप होत नाही. संगणकाला घर्षण माहीत नसतं. सेकंदाला साठ वेळा आधी फळी सरकवायची, मग ती जितकी सरकली तितकंच वरच्या माणसालाही सरकवायचं, असं सांगावं लागतं. हा क्रम चुकला तर फळी पायाखालून निघून जाते किंवा माणूस तिच्या आत रुततो. गेम बनवायला शिकणाऱ्या प्रत्येकाला इथे एकदा तरी अडखळावं लागतं.

कोसळणाऱ्या फळीची गोष्ट आणखी नाजूक आहे. 1988च्या सुपर मारिओ ब्रदर्स 3मध्ये असे ठोकळे आहेत की त्यांवर पाय पडल्यावर ते क्षणभर थांबतात आणि मग खाली जातात. तेवढ्या क्षणात पुढची उडी मारायची. त्याच्या आदल्या वर्षीच्या मेगा मॅनमध्ये गट्स मॅनच्या टप्प्यात रुळावरून धावणाऱ्या फळ्या आहेत. रूळ जिथे तुटलेला असतो तिथे फळी खाली लटकते आणि वरचा माणूस पडतो. पण तुटका रूळ आधीच डोळ्यांसमोर असतो. संगणकाच्या क्लासमध्ये सर बाहेर गेले की जो चालू व्हायचा, त्या जॉर्डन मेकनर यांच्या 1989च्या प्रिन्स ऑफ पर्शियात सैल फरशी पाय पडताच खडखडते आणि कोसळते. शेजारी उडी मारली तरी ती हलते, म्हणजे शहाण्या खेळाडूला फरशी आधी तपासून पाहता येते.

यावरून चांगली फळी आणि वाईट फळी वेगळी करता येते. कोलाडला राफ्टिंग करणारे कुंडलिकेत उतरतात ते सकाळी वीजप्रकल्पाचं पाणी सुटण्याची वेळ बघून. नदी जोरात वाहते, पण वेळ माहीत असल्यानं तिच्याशी खेळता येतं. फळीचंही तसंच. ती वेगानं जावो, अरुंद असो, कोसळो, पण तिनं आपली लय दाखवावी, पडण्याआधी थरथरावं. मेगा मॅन 2मधले हीट मॅनच्या टप्प्यातले गायब होणारे ठोकळे मला या कसोटीवर अर्धेच उतरलेले वाटतात. त्यांचा क्रम ठरलेला आहे, पण तो कळण्यासाठी आधी पडावं लागतं.

नंतरच्या कारागिरांनी खेळाडूची बाजू अधिक घेतली. 2018च्या सेलेस्टमध्ये कडेवरून पाय सुटल्यावरही सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत उडी मारता येते, आणि सरकत्या ठोकळ्यावरून उडी मारली तर त्याचा वेग उडीला मिळतो. हा गेम अतिशय कठीण आहे, तरी माझ्या मते कधीही अन्याय करत नाही.

आपल्याकडेही हे काम होऊ शकतं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं 2020मध्ये ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ आणला. त्यांची लोकवर्गणीची मोहीम 2017मध्ये अपुरी पडली होती, तरी त्यांनी काम सोडलं नाही. त्यातली राजी भिंतींवरून धावते, खांबांवर चढते, आणि तिच्या पायाखाली आपल्या ओळखीच्या वास्तू आहेत.

रोहा-पेणमध्ये आज ज्या मुलांच्या हातात संगणक आहे, त्यांनी फक्त खेळून थांबू नये. आज फुकट मिळणाऱ्या गोडोसारख्या साधनात एक फळी, एक माणूस आणि एक पोकळी उभी करून बघा. फळी हलवा, माणसाला तिच्याबरोबर न्या, मग ती पाडा. आणि पाडण्याआधी तिला थोडं थरथरू द्या.