दोर सोडा!

एकट्याने हाकायच्या लेझर बोटीचं शीड जेमतेम 7 चौरस मीटर. पण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यावरचा जोर चौपट! फ्लुइड्सच्या पेपरात हे लिहिलं होतं. पटलं पाण्यात पडल्यावर. बाजूने सोसाट्याचा झोत आला, बोट कलली नि मी घाबरून शिडाचा दोर आणखीच आवळला. नेमकं उलटं करायचं असतं. दोर सैल सोडला की शीड फडफडतं, जोर उतरतो. सोबत वाऱ्याकडच्या कडेवर बसून अंग बाहेर झोकायचं, बोटीचं तोंड जरा वाऱ्याकडे वळवायचं. म्हणूनच दोर हातात धरायचा, अडकवून ठेवायचा नाही.

तरी उलटलीच तर किनाऱ्याकडे पोहत सुटू नका. लाइफ जॅकेट असलं तरी आपलं डोकं लांबून दिसत नाही, बोट दिसते. मी दोर मोकळा केला, तळातून निघालेल्या फळीवर वजन टाकलं, बोट सरळ झाली. चष्मा मात्र गेला.