आईचे उपोषण आणि सादची श्रद्धा

मक्केतील कुरैश घराण्यांत इस्लामला पहिला विरोध अनेकदा घरातूनच झाला. हजरत साद बिन अबी वक्कास यांची गोष्ट त्यातली सर्वांत हृद्य. पैगंबरांवर श्रद्धा ठेवणाऱ्या अगदी सुरुवातीच्या माणसांपैकी ते एक. वय कोवळे आणि आईवर जीव. आई हमना हिला हा नवा धर्म मान्य नव्हता. मुलगा तो सोडत नाही तोवर अन्नपाणी घेणार नाही, असे तिने सांगितले आणि खरोखरच अन्नपाणी सोडले. तुझा धर्मच तुला आईवडिलांशी चांगले वागायला सांगतो ना, असा तिचा सवाल होता. ती अशक्त होऊन बेशुद्ध पडल्याचे हदीसमध्ये नोंदले आहे.

साद यांनी तिला सांगितले, की तुला शंभर जीव असते आणि ते एकेक करून गेले असते, तरी मी हा धर्म सोडला नसता. शेवटी तिनेच उपोषण सोडले, असे परंपरा सांगते.

माझ्या मते, याहून मोलाचे आहे ते पुढचे. या प्रसंगाशी जोडल्या जाणाऱ्या, कुराणातील सूरा लुकमानच्या आयती सांगतात, की अल्लाहशी दुसऱ्याला भागीदार करण्याचा आग्रह आईवडिलांनी धरला तर तो मानू नये. संसारात मात्र त्यांच्याशी चांगलेच वागावे. म्हणजे नकार त्या एका मागणीपुरता, नाते तोडण्याची मुभा नाही. पुढे पैगंबरांचे सहकारी अबू बक्र यांच्या कन्या अस्मा यांची मूर्तिपूजक आई मदिनेला भेटायला आली, तेव्हा पैगंबरांनी अस्मांना तिच्याशी नाते राखायलाच सांगितले.