नाव सांगा किंवा नंबर

विंडोजच्या काळ्या खिडकीत बसून दुसऱ्या मजल्यावरच्या संगणकात काय काय चाललं आहे हे पाहायचं असेल, तर 'टास्कलिस्ट' ही कमांड आहे. तिच्यापुढे '/एस' टाकून त्या संगणकाचं नाव किंवा आयपी अ‍ॅड्रेस द्यायचा. मदतीच्या पानावर कंसात ताकीद आहे: बॅकस्लॅश वापरू नका. तोच संगणक 'शटडाउन'ने बंद करायला जा, तर '/एम'नंतर नावाआधी दोन बॅकस्लॅश हवेत. एकाच कंपनीच्या, एकाच खिडकीत चालणाऱ्या दोन कमांडचं यावर एकमत नाही. सिस्टिम अ‍ॅडमिन मंडळी हे पाठ करून टाकतात आणि कामाला लागतात. पण दूरच्या यंत्राला ओळखायचं कसं, हा प्रश्न नेटवर्कच्या जन्मापासूनचा आहे.

१९६९ साली अमेरिकेत अर्पानेट सुरू झालं तेव्हा त्यावर चारच ठिकाणं होती: लॉस एंजेलिसचं कॅलिफोर्निया विद्यापीठ, मेनलो पार्कची स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट, सांता बार्बरा आणि युटा. त्यांचे नंबर १, २, ३, ४. पत्ता आठ बिटांचा: सहा बिट संदेश पुढे ढकलणाऱ्या 'इम्प' यंत्राचे, दोन बिट त्याला जोडलेल्या संगणकाचे. नंबर म्हणजे तुमची तार कुठे खोचली आहे त्याची नोंद. माणसांना नंबर लक्षात राहीनात, म्हणून प्रत्येक केंद्राने आपापल्या सोयीची टोपणनावं ठेवली. एकाच यंत्राला इथे एक नाव, तिथे दुसरं. १९७१ मध्ये मायटर संस्थेच्या पेगी कार्प यांनी आरएफसी २२६ हे टिपण लिहून सर्वांनी एकच नावं वापरावीत असं सुचवलं.

मग त्या नावांची यादी सांभाळायची कोणी? हे काम आलं स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या नेटवर्क इन्फर्मेशन सेंटरकडे, म्हणजे एलिझाबेथ फाइनलर यांच्याकडे. सगळे त्यांना 'जेक' म्हणत. शिक्षण रसायनशास्त्रातलं. 'केमिकल अ‍ॅब्स्ट्रॅक्ट्स'मध्ये त्यांनी काम केलेलं, म्हणजे असंख्य संयुगांची नावं आणि सूची यांच्यात वावरलेल्या. माझ्या मते या नेमणुकीइतकी अचूक नेमणूक संगणकाच्या इतिहासात क्वचितच झाली असेल. नवं यंत्र जोडायचं तर त्यांच्या केंद्राला कळवायचं. ते 'होस्ट्स डॉट टीएक्सटी' या फाइलमध्ये एक ओळ वाढवणार आणि देशभरची केंद्रं ती फाइल उतरवून घेणार. तिचा वंशज आजही बहुतेक संगणकांत 'होस्ट्स' नावाने पडून आहे, आणि अनेक यंत्रांवर आधी त्यातच डोकावलं जातं.

यंत्रं शेकड्यांवर गेली तशी ही व्यवस्था धापा टाकू लागली. फाइल फुगली, ती उतरवणारे वाढले, एकच नाव दोघांना हवं असण्याचे प्रसंग येऊ लागले. शिवाय कोणाकडे ताजी प्रत, कोणाकडे शिळी. नोव्हेंबर १९८३ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमधल्या पॉल मॉकापेट्रिस यांनी डोमेन नेम सिस्टिमचा (डीएनएस) आराखडा मांडला. त्यातली मोठी चाल तांत्रिक कमी आणि कारभाराची जास्त होती: अख्खी यादी कोणाकडेच ठेवायची नाही. वरच्याने फक्त खालच्याचा ठावठिकाणा सांगायचा, पुढचं खालचा बघून घेईल. आज सगळ्यात वर ए ते एम अशा तेरा नावांचे रूट सर्व्हर आहेत (नावं तेरा, प्रत्यक्ष यंत्रं जगभर पुष्कळ) आणि त्यांनाही तुमच्या ऑफिसातल्या संगणकाविषयी काही माहीत नसतं.

आता कमांडच्या बाजूने पाहू. वापरणाऱ्याने काहीतरी टाइप केलं. ते नाव समजायचं की नंबर? ऑक्टोबर १९८९ च्या आरएफसी ११२३ मध्ये याचा निवाडा आहे: दोन्ही स्वीकारावेत, आणि आधी ती चार टिंबयुक्त आकड्यांची रचना आहे का ते तपासावं, नसेल तरच नावाची चौकशी करावी. तोवर नावाची सुरुवात अक्षरानेच व्हायला हवी होती. 'थ्रीकॉम' या तेव्हाच्या कंपनीचं नाव तीनच्या आकड्याने सुरू व्हायचं, म्हणून ती अटही याच कागदाने सैल केली.

नंबर दिला म्हणजे निश्चिंत, असंही नाही. दूरचं यंत्र उत्तर देतं का ते पाहणारी 'पिंग' ही कमांड घ्या आणि 'पिंग १२७.१' लिहून पाहा. बऱ्याच यंत्रांवर ते १२७.०.०.१ धरलं जातं. २१३०७०६४३३ हा एकसलग आकडाही तोच पत्ता. आणि घरांची रुंदी सारखी दिसावी म्हणून कोणी हौसेने १० च्या आधी शून्य जोडून ०१० लिहिलं, तर जुन्या युनिक्स परंपरेतले प्रोग्राम तो आकडा अष्टमान पद्धतीचा समजून ८ वाचतात. पिंग जातं भलत्याच दारी.

नावांचे घोळ अधिक मजेदार. विंडोजच्या जुन्या नेटबायॉस नावाला पंधरा अक्षरांची मर्यादा आहे. सोळावी जागा सेवेचा प्रकार सांगण्यासाठी राखीव. १९९० मध्ये डॉन लिब्स यांनी यंत्राचं नाव कसं निवडावं यावर एक आरएफसीच लिहिली. तिच्यात एका यंत्राची हकिगत आहे. फक्त त्याच्यावर अपडेट घेतले जात, म्हणून त्याचं नाव 'अप'. मग लोक एकमेकांना विचारत, "अप डाउन आहे का?" मुंबईच्या लोकलवाल्यांना या प्रश्नातली गंमत वेगळी सांगायला नको.

मराठी नावाचीही सोय आता आहे. २०१४ मध्ये '.भारत' हे देवनागरी डोमेन खुलं झालं. पण खालची यंत्रणा अजून रोमन अक्षरं, आकडे आणि आडव्या रेघा एवढ्यावरच चालते. त्यामुळे 'भारत' चौकशीला निघतं ते 'एक्सएन--एच२बीआरजे९सी' असा वेश घालून. या रूपांतराला प्युनीकोड म्हणतात. काही कमांड हा वेश आपोआप चढवतात, काहींना तो हाताने लिहून द्यावा लागतो.

नाव आणि नंबर यांतलं काहीही चालेल ही समजूत सर्वांत महाग पडते ती अधिकाराच्या बाबतीत. विंडोजच्या डोमेनमध्ये ओळख पटवणारी केर्बेरॉस पद्धत सेवांना नावाने ओळखते. तुम्ही आयपी अ‍ॅड्रेस दिला की तिचं एरवीचं गणित जमत नाही, आणि व्यवहार जुन्या, कमकुवत एनटीएलएम पद्धतीवर घसरतो. पॉवरशेलने दूरच्या यंत्रावर काम करताना तर आयपी दिल्यास युजरनेम-पासवर्ड स्वतंत्रपणे द्यावे लागतात, शिवाय एचटीटीपीएस तरी हवं किंवा तो पत्ता 'ट्रस्टेड होस्ट्स'च्या यादीत तरी घालावा लागतो. पिंगला जे चालतं ते इथे चालत नाही.

नावातही फसगत आहेच. ऑफिसात डीएचसीपी ही व्यवस्था यंत्रांना आपोआप पत्ते वाटते, काही दिवसांनी परत घेते, दुसऱ्याला देते. डीएनएसमधली नोंद तितक्या तत्परतेने बदलली नाही, तर जमीन विकली गेली पण फेरफार न झाल्याने सातबाऱ्यावर जुनाच मालक, तसा प्रकार होतो. तुम्ही हिशेबनिसाचा संगणक म्हणून 'शटडाउन' पाठवता आणि बंद पडतो तो स्वागतकक्षातला. उलट चौकशीची सोय आहे: 'पिंग'ला '-ए' जोडलं की नंबरावरून नाव शोधलं जातं. त्यासाठी पत्त्याचे चार आकडे उलट्या क्रमाने मांडून शेवटी 'इन-अ‍ॅडर.अर्पा' लावतात. अर्पानेट १९९० मध्ये बंद झालं, तरी त्याचं नाव असं टिकून आहे. पण ती उलटी नोंदसुद्धा कोणीतरी केलेलीच असते आणि तीही शिळी असू शकते. म्हणून सावध अ‍ॅडमिन काही बंद करण्याआधी त्या दूरच्या यंत्रावरच 'होस्टनेम' ही कमांड चालवतात, आणि उत्तर आल्यावर मगच पुढचा एंटर दाबतात.