निकाल एक वाजता, सर्व्हर साडेबाराला: ऑटो स्केलिंग ग्रुप कोडमध्ये लिहिताना

आजचा भाग क्लाउड सर्व्हरचा आहे, पण सुरुवात दहावीच्या निकालापासून करतो.

२०२५ चा दहावीचा निकाल १३ मे रोजी दुपारी एक वाजता ऑनलाइन लागला. साडेपंधरा लाखांच्या आसपास पोरं आणि त्यांचे आईवडील, सगळ्यांच्या हातात एकाच मिनिटाला मोबाइल. शंभर टक्के मिळवणारे राज्यात २११, त्यातले ११३ आपल्या लातूर विभागाचे. त्याच वर्षी अकरावीचे ऑनलाइन प्रवेश पहिल्यांदाच पूर्ण राज्यात लागू झाले. त्यामुळे लातूर-नांदेडची पोरंही त्याच रांगेत आली. २१ मेला नोंदणी सुरू झाली, पहिल्याच दिवशी पोर्टल बसलं आणि नोंदणी २६ मेवर गेली. मुखेडहून किंवा निलंग्याच्या एखाद्या खेड्यातून तालुक्याला येऊन नेट कॅफेत फॉर्म भरणाऱ्या पोराचा अशा वेळी अख्खा दिवस जातो, वर एसटीचं भाडं.

त्या पोर्टलची चौकशी करायला आपण बसलेलो नाही. समजा, लातूरच्या एखाद्या क्लासची निकाल आणि प्रवेशनोंदणीची साइट तुमच्या गळ्यात पडली आहे. वर्षभर दोन सर्व्हर पुरतात, निकालाच्या दिवशी दहा लागतात. काय कराल?

पहिलं उत्तर सगळ्यांना माहीत असतं: ऑटो स्केलिंग. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर ही सोय २००९ पासून आहे. गर्दी वाढली की मशीन वाढतात, ओसरली की कमी होतात. हे कन्सोलवर माउसनेही जमतं, पण मग कोणता आकडा कुणी का टाकला हे त्या माणसाच्या डोक्यातच राहतं, आणि तो माणूस नेमका निकालाच्या दिवशी लग्नाला गेलेला असतो. म्हणून आपण टेराफॉर्मच्या फाइलीत लिहू. ओपनटोफू वापरत असाल तरी हेच लागू.

फाइलीत तीन तुकडे. पहिला लाँच टेम्प्लेट: नवीन मशीन कशी दिसेल, कोणती इमेज, कोणता आकार, चालू झाल्यावर कोणती स्क्रिप्ट. दुसरा ऑटो स्केलिंग ग्रुप: कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती, कोणत्या सबनेटमध्ये, कोणत्या लोड बॅलन्सरमागे. हेल्थ चेक इथे लोड बॅलन्सरचाच ठेवा. नाहीतर मशीन चालू आहे पण साइट मेली आहे, अशी मशीन ग्रुपला धडधाकटच वाटते. तिसरा तुकडा पॉलिसी: सरासरी सीपीयू पन्नास टक्क्यांच्या आसपास ठेव, बाकी तुझं तू बघ.

(रीजन मुंबई की हैदराबाद? नांदेडचं रेल्वे विभागीय कार्यालयसुद्धा सिकंदराबादच्या दक्षिण मध्य रेल्वेखाली येतं, त्यामुळे आमचा कल कुठे असणार ते ओळखा. अंतराने फार फरक पडत नाही. फक्त इमेजचा आयडी प्रत्येक रीजनला वेगळा असतो, तो तसाच उचलून चिकटवू नका.)

आता खरी गंमत. ही पॉलिसी गर्दी आल्यावर जागी होते. तिचा अलार्म तीन मिनिटं सलग चढा आकडा बघतो, मग मशीन मागवतो. मशीन बूट होणार, अ‍ॅप उभं राहणार, हेल्थ चेक पास होणार. वर तुम्ही डिटेल्ड मॉनिटरिंग चालू केलं नसेल तर सीपीयूचा आकडाच पाच-पाच मिनिटांनी येतो. निकालाची गर्दी एक वाजता येते आणि एक वाजून एका मिनिटाला शिगेला असते. तोवर तुमचे दोन सर्व्हर आडवे.

पण निकालाची वेळ आधी जाहीर होते की! म्हणून चौथा तुकडा लिहायचा: शेड्यूल. साडेबाराला दहा मशीन.

इथे दोन खड्डे आहेत. एक, टेराफॉर्मच्या शेड्यूलमध्ये सुरुवातीची वेळ यूटीसीमध्ये लिहावी लागते. आपले साडेबारा म्हणजे तिथले सात. तुम्ही सरळ साडेबारा लिहिलंत तर मशीन संध्याकाळी सहाला येतील, पेढे वाटून झाल्यावर.

दुसरा जास्त वाईट. बरेच जण शेड्यूलमध्ये फक्त डिझायर्ड आकडा दहा करतात. साडेबाराला दहा मशीन येतात, पण गर्दी अजून नाही, सीपीयू थंड. पॉलिसी पंधरा मिनिटं बघते आणि मशीन काढायला लागते. म्हणजे पाऊणच्या सुमारास, ऐन मोक्यावर. त्यामुळे किमान आकडाही दहा करा, आणि किमान, कमाल, डिझायर्ड तिन्ही स्पष्ट लिहा. पॉलिसी किमानच्या खाली जात नाही.

मग पुढचा पेच. ग्रुपच्या कोडमध्ये किमान दोन लिहिलंय, प्रत्यक्षात शेड्यूलने दहा केलंय. एक वाजून दहा मिनिटांनी कुणीतरी लोगोचा रंग बदलायला अप्लाय मारलं, तर टेराफॉर्म फरक बघून इमानदारीत दहाचे दोन करणार. त्याचं काम तेच आहे. म्हणून ग्रुपच्या लाइफसायकल ब्लॉकमध्ये इग्नोर चेंजेसखाली किमान आणि डिझायर्ड टाका. आकडे कोण हलवणार, हे एकदाच ठरवा.

कमाल आकडा मात्र हात राखून. प्रत्येक मशीन डेटाबेसशी वीस कनेक्शन उघडत असेल तर दहा मशीनची दोनशे होतात, आणि मूळ पोस्टग्रेसची मर्यादा न बदलता शंभरच असते. नळ वाढवले म्हणून मांजरात पाणी वाढत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणलेल्या लातूरला हे मी काय सांगणार? आधी मध्ये कनेक्शन पूलर बसवा किंवा निकालाची पानं कॅशमधून द्या. निकाल काही दर मिनिटाला बदलत नाही. मग कमाल वाढवा.

शेवटी रात्रीचं शेड्यूल विसरू नका: अकराला किमान परत दोन. किमान दहावर राहिलं तर पॉलिसी एकही मशीन काढणार नाही, आणि ते महिनाअखेरीच्या बिलात दिसेल. पुढच्या मेमध्ये त्याच फाइलीतल्या दोन तारखा बदलायच्या, प्लॅन काढायचा, आणि त्यात शेड्यूलच्या दोन ओळींशिवाय दुसरं काही बदलताना दिसलं तर अप्लाय करायचं नाही.