मिडल-अर्थचे रहिवासी आणि ऑर्कांचा प्रश्न

ऑक्सफर्ड विद्यापीठात प्राचीन इंग्रजीचे अध्यापन करणारे जे. आर. आर. टोल्किन (१८९२–१९७३) यांनी ‘द हॉबिट’ (१९३७) आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४–५५) या ग्रंथांतून मिडल-अर्थ नावाचे जे जग उभे केले, त्यातील एल्फ, ड्वार्फ, हॉबिट, एंट आणि ऑर्क या जमाती आज चित्रपटांतून व संगणकीय खेळांतून इतक्या परिचित झाल्या आहेत की त्यांच्यामागे एक काटेकोर विचारव्यवस्था आहे, याचा सहसा विसर पडतो. १९३९ साली स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठात परीकथांविषयी दिलेल्या व्याख्यानात टोल्किन यांनी या व्यवस्थेचे तत्त्व मांडले. लेखक हा दुय्यम निर्माता असतो आणि त्याने रचलेले जग वाचकाला खरे वाटायचे असेल, तर त्या जगाचे नियम आतून सुसंगत असले पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे होते. या निर्मितीला त्यांनी जी संज्ञा दिली तिला मराठीत ‘उपसृजन’ म्हणता येईल. मूळ सृष्टी ईश्वराची आणि तिच्या आश्रयाने मानवाने केलेली रचना ही उपसृष्टी, असा त्या श्रद्धाळू कॅथलिक लेखकाचा आशय होता.

हा विचार कागदावर कसा उतरला, ते एल्फांच्या चित्रणात स्पष्ट दिसते. व्हिक्टोरियन काळातील इंग्रजी बालसाहित्याने एल्फ म्हणजे फुलांवर बागडणारे, पारदर्शक पंखांचे चिमुकले जीव, अशी समजूत रूढ केली होती. टोल्किन यांनी ती बाजूला सारली आणि उत्तर युरोपातील जुन्या आख्यानांचा धागा पकडून माणसाएवढे उंच, देखणे व ज्ञानी एल्फ निर्माण केले. हे एल्फ म्हातारपणाने वा रोगाने मरत नाहीत, आणि शस्त्राने मारले गेले तरी त्यांचा आत्मा जगाबाहेर जात नाही, कारण जगाचा अंत होईपर्यंत ते जगाशीच बांधलेले असतात. माणूस मात्र मरतो आणि त्याचा आत्मा कोठे जातो, हे या जगाचे पालन करणाऱ्या ‘वालार’ नावाच्या दैवी शक्तींनाही ठाऊक नाही. टोल्किन यांच्या पुराणकथेत या मृत्यूला शाप न म्हणता ईश्वराची देणगी म्हटले आहे, आणि तिचा अर्थ न उमगलेल्या नूमेनोर बेटावरील माणसांनी अमरत्वाच्या हव्यासापायी आपल्या बेटासह जलसमाधी ओढवून घेतली, अशी कथा येते. एल्फांच्या स्वभावातील खिन्नता ही अशा रीतीने अलंकार म्हणून आलेली नसून, सर्व काही नष्ट होताना पाहत राहण्याच्या त्यांच्या भागधेयाचा तो परिणाम आहे.

ड्वार्फांच्या जन्मकथेत हीच शिस्त अधिक नाट्यमय होते. टोल्किन यांच्या मृत्यूनंतर त्यांचे पुत्र ख्रिस्तोफर यांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द सिल्मरिलियन’मध्ये सांगितले आहे की, औले नावाच्या कारागीर देवतेला शिष्यांची इतकी ओढ लागली की ईश्वराच्या (त्याचे नाव इलुवातार) योजनेची वाट न पाहता त्याने डोंगराच्या पोटात ड्वार्फांचे सात पूर्वज चोरून घडवले. इलुवातारने त्याला जाब विचारला आणि स्पष्ट केले की या पुतळ्यांना स्वतःचा प्राण नाही, औलेचे मन वळेल तेव्हाच ते हलतील. तेव्हा औलेने ते ईश्वराला अर्पण केले आणि पश्चात्तापाने रडत त्यांना ठेचण्यासाठी हातोडा उचलला. पण घाव बसण्याआधीच ते भेदरून मागे सरकले आणि त्यांनी दयेची याचना केली. ईश्वराने ते अर्पण स्वीकारून त्यांना प्राण दिला होता, याचा तोच पुरावा ठरला. या प्रसंगातून एक नियम पक्का होतो, तो असा की स्वतंत्र जीव निर्माण करण्याचा अधिकार केवळ ईश्वराचा आहे. इतर कोणी कितीही समर्थ असला, तरी तो बाहुल्याच घडवू शकतो.

हॉबिटांविषयी थोडक्यात सांगितले तरी पुरे. दोन ते चार फूट उंचीचे, पायांवर दाट केस असल्याने पादत्राणे न घालणारे आणि शक्य झाल्यास दिवसातून सहा वेळा जेवणारे हे लोक मानवाचेच नातलग असून, त्यांच्या मुलुखात टोल्किन यांनी बालपणी पाहिलेल्या इंग्लंडमधील खेड्यांची छाया आहे. इंडोनेशियाच्या फ्लोरेस बेटावर २००३ साली सापडलेल्या सुमारे एक मीटर उंचीच्या प्राचीन मानवप्रजातीला शास्त्रज्ञांनी लाडाने त्यांचेच नाव दिले. झाडांचे गुराखी असलेले एंट मात्र अधिक विलक्षण आहेत. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मध्ये अरण्य चालून येणार असे भाकीत ऐकवून प्रत्यक्षात सैनिकांच्या हाती फांद्याच द्याव्यात, याने शाळकरी टोल्किन यांचा जो हिरमोड झाला होता, त्याची भरपाई एंटांच्या रूपाने झाली.

या सर्व व्यवस्थेला खरा तडा जातो तो ऑर्कांपाशी, आणि तेथेच टोल्किन यांची प्रामाणिकता कसाला लागते. खलशक्तीचे अफाट सैन्य म्हणून कथेला ऑर्कांची गरज होती. पहिल्या महायुद्धाच्या काळात सुरू केलेल्या आरंभीच्या लेखनात भूगर्भातील उष्णता आणि चिखल यांतून मेल्को या खलशक्तीच्या अधिपतीने त्यांना उत्पन्न केले, असे सांगून हा प्रश्न सहज निकालात काढलेला होता. परंतु दुष्टता ही स्वयंभू शक्ती नसून चांगल्याचा बिघाड आहे, या संत ऑगस्टीनपासून चालत आलेल्या ख्रिस्ती विचाराला अनुसरून दुष्टाला काहीही निर्माण करता येत नाही, असे एकदा ठरल्यावर हे उत्तर टिकेना. मग एल्फांना पकडून, छळून व विकृत करून ऑर्क तयार झाले, असा पर्याय पुढे आला. ख्रिस्तोफर यांनी १९७७च्या ग्रंथात तोच ठेवला आहे. पण एल्फ अमर, तेव्हा ऑर्कही अमर मानायचे काय? १९५० नंतरच्या टिपणांत टोल्किन यांनी ऑर्क हे बोलायला शिकवलेले पशू असावेत, माणसांपासून बनलेले असावेत, अशा वाटा चाचपून पाहिल्या. ही टिपणे १९९३ साली ‘मॉरगॉथ्स रिंग’ या खंडात छापली गेली. त्यांतून शंका वाढत जातात, अंतिम उत्तर मिळत नाही.

ऑर्क केवळ पशू नाहीत, हे तर ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही कादंबरीच सांगते. मॉर्डोर या शत्रूच्या देशाच्या सीमेवरील बोगद्यात शाग्राट आणि गोर्बाग हे दोन ऑर्क नायक गप्पा मारतात, वरिष्ठांना शिव्या घालतात आणि युद्ध संपल्यावर चार भरवशाचे सोबती घेऊन, जेथे कोणी साहेब नसेल अशा ठिकाणी निघून जाण्याचे बेत आखतात. जाळे विणणाऱ्या एका कोळिणीच्या विषाने निपचित पडलेला फ्रोडो हा हॉबिट त्यांच्या हाती लागतो, तेव्हा साथीदाराला असे टाकून पळणे ही एल्फांचीच रीत, अशी कुत्सित टीका ते करतात. आणि लगेच, त्याच कोळिणीने टांगून ठेवलेल्या आपल्याच एका जिवंत सहकाऱ्याला आपण कसे सोडून आलो, हे हसत सांगतात. टॉम शिपी या अभ्यासकाने या प्रसंगावर नेमके बोट ठेवले आहे: ऑर्कांना नीती कळते, फक्त ती स्वतःला लागू करणे त्यांना जमत नाही. ज्याला नीती कळते तो सुधारूही शकतो, असे मानले तर ऑर्कांची सरसकट कत्तल साहसकथेत खपवून घेणे कठीण होते.

भारतीय वाचकाला ही अडचण लवकर जाणवते, कारण त्याच्या परंपरेतील राक्षस पुलस्त्य ऋषींच्या कुळातले आहेत, त्यांच्यात विभीषण आहे, दैत्यांत प्रल्हाद आहे, आणि बळीचे राज्य पुन्हा यावे अशी इच्छा महाराष्ट्रात बलिप्रतिपदेला आजही व्यक्त केली जाते. ऑर्कांमध्ये विभीषण नाही. एकही ऑर्क शेवटपर्यंत बाजू बदलत नाही, शरण आलेला ऑर्क कोठे दिसत नाही. हेल्म्स डीपच्या लढाईनंतर शत्रुपक्षातील डोंगरी माणसांना अभय देऊन घरी पाठवले जाते, पण ऑर्कांपैकी कोणीही जिवंत उरत नाही. राज्याभिषेकानंतर अरागॉर्न हा नवा राजा पूर्वेकडील शत्रूंना क्षमा करतो आणि मॉर्डोरच्या गुलामांना नूर्नेन सरोवराकाठची जमीन देऊन मुक्त करतो. दाही दिशांना पांगलेल्या ऑर्कांसाठी मात्र त्याने कोणता न्याय ठरवला, याविषयी कादंबरीत काहीच म्हटलेले नाही.