भूल देताना स्नायू शिथिल करणारी औषधे : कुटुंबीयांनी जाणून घ्यावे असे काही

शस्त्रक्रियेच्या देयकात व्हेक्युरोनियम, सक्सिनिलकोलीन, निओस्टिग्मीन अशी नावे पाहून अनेक नातेवाईक कार्यालयात विचारणा करतात : "रुग्णाला भूल दिली होती, मग ही आणखी औषधे कशासाठी?" हा प्रश्न रास्त आहे. आपल्या भूलतज्ज्ञांशी चर्चा करून त्याचे उत्तर येथे देत आहोत.

रुग्णाला गाढ झोप लागली आणि वेदना थांबल्या, तरी पोटाचे स्नायू ताठ असतील तर शल्यचिकित्सकांना नीट काम करता येत नाही. श्वासनलिकेत नळी घालणेही कठीण जाते. दक्षिण अमेरिकेतील आदिवासी बाणांना लावीत असलेल्या 'क्युरारे' ह्या वनस्पतिजन्य विषाचा अर्क २३ जानेवारी १९४२ रोजी मॉन्ट्रियल येथे डॉ. हॅरोल्ड ग्रिफिथ आणि डॉ. एनिड जॉन्सन यांनी भूल देताना वापरला. आजची औषधे त्याच मार्गाने पुढे आली. मज्जातंतूकडून स्नायूकडे जाणारा संदेश ती अडवितात. श्वासाचे स्नायूही थांबत असल्याने तेवढा वेळ श्वास यंत्राने द्यावा लागतो. ह्या औषधांनी झोप येत नाही, वेदनाही शमत नाहीत. त्यासाठी वेगळी औषधे द्यावी लागतात.

सक्सिनिलकोलीन सुमारे एका मिनिटात काम करते आणि रक्तातील एका विकरामुळे साधारण दहा मिनिटांत निष्प्रभ होते. काही कुटुंबांत हे विकर जन्मतःच सदोष असते. अशा रुग्णाचा श्वास काही तास परत येत नाही. शेतात वापरल्या जाणाऱ्या काही कीटकनाशकांची विषबाधा झाली असल्यासही असेच घडू शकते. मोठ्या भाजण्यानंतर काही दिवसांनी किंवा दीर्घकाळच्या अर्धांगवायूत हे औषध दिल्यास रक्तातील पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत वाढते. क्वचित, आनुवंशिक दोषामुळे, शरीराचे तापमान झपाट्याने चढते. त्यावर डॅन्ट्रोलीन हा उतारा आहे.

इतर औषधांचाही परिणाम होतो. जेंटामायसिन, अमिकासिन ही प्रतिजैविके आणि गरोदरपणातील झटक्यांसाठी दिले जाणारे मॅग्नेशियम सल्फेट यांमुळे स्नायूंची शिथिलता लांबते. उलट, अपस्मारासाठी फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपीन दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये व्हेक्युरोनियमचा परिणाम लवकर ओसरतो.

शस्त्रक्रियेअखेर निओस्टिग्मीन देऊन व्हेक्युरोनियमसारख्या औषधांचा उरलेला प्रभाव उतरविला जातो. त्याने हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून ग्लायकोपायरोलेट जोडीने द्यावे लागते. तरीही थोडी शिथिलता उरली, तर रुग्ण डोळे उघडतो, पण त्याला नीट गिळता वा खोल श्वास घेता येत नाही. म्हणूनच शुद्धीवर आलेल्या रुग्णालाही लगेच खोलीत न नेता निरीक्षणाखाली ठेवतात. हा विलंब हेळसांडीचा नसून काळजीचा आहे.

नातेवाइकांना विनंती, की रुग्ण घेत असलेल्या सर्व औषधांची पाकिटे आणि जुने कागद भूलतज्ज्ञांना दाखवावेत. घरात कोणाला पूर्वी भूल उतरण्यास विलंब झाला असल्यास किंवा भूल देताना तीव्र ताप चढला असल्यास तेही आवर्जून सांगावे.

देणगीदारांस एवढेच निवेदन, की स्नायूंची शक्ती किती परतली हे मोजणारे 'नर्व्ह स्टिम्युलेटर' हे छोटे यंत्र नाव कोरलेल्या दालनासारखे नजरेत भरत नाही. परंतु नळी केव्हा काढावी, हा निर्णय त्याच्या आधारे अधिक निर्धोक होतो. अशा न दिसणाऱ्या गरजांकडेही आपले लक्ष असावे, ही नम्र प्रार्थना.