निर्बंध-याद्या, बँकांचे अहवाल आणि नावाचे लेखन

सौंसर तालुका 2023 मध्ये छिंदवाड्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात आला. या तालुक्यातील रामाकोना परिसरात घरची बोली मराठी आणि कचेरीची भाषा हिंदी आहे. मुस्लिम कुटुंबात त्यात उर्दूची भर पडते. शाळेच्या दाखल्यावर 'मो. सलीम', निकाहनाम्यावर उर्दूत पूर्ण नाव, नागपूरच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि पासबुकावर रोमन अक्षरे, अशी एकाच विद्यार्थ्याची चार नावे असू शकतात. आर्थिक निर्बंधांविषयीचे बँकांचे नियम जसजसे कडक झाले, तसतसे या चार नावांना महत्त्व येत गेले.

या नियमांचे मूळ संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत आहे. 1999 च्या ठराव क्रमांक 1267 पासून परिषद निर्बंधित व्यक्ती व संघटनांची यादी ठेवू लागली. भारतात बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंध) अधिनियम, 1967 मध्ये 2008 साली कलम 51-क घालण्यात आले आणि अशा व्यक्तींची मालमत्ता गोठविण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. त्याची कार्यपद्धती 27 ऑगस्ट 2009 च्या आदेशाने ठरली. पुढे 2019 व 2021 मध्ये नवे आदेश निघाले. सामूहिक संहाराच्या शस्त्रांसंबंधीच्या 2005 च्या अधिनियमात 2022 च्या दुरुस्तीने कलम 12-क आले. त्यामुळे उत्तर कोरियाविषयीची 1718 क्रमांकाच्या ठरावाची यादीही बँकांना रोज पाहावी लागते.

ग्राहकाचा तपशील यादीतील तपशिलाशी जुळल्यास बँकेने लगेच गृह मंत्रालयाच्या केंद्रीय नोडल अधिकाऱ्याला कळवावयाचे असते. त्याची प्रत राज्याच्या नोडल अधिकाऱ्याला व वित्तीय गुप्तवार्ता कक्षाला जाते. ओळख निःसंशय असेल तर व्यवहार तत्काळ थांबवावयाचे. 2009 च्या आदेशात पोलीस पडताळणीसाठी पाच कामकाजाचे दिवस दिलेले होते. अमेरिकेच्या नियमांत गोठविलेल्या मालमत्तेचा अहवाल देण्यास दहा कामकाजाचे दिवस मिळतात. त्या मानाने आपली मुदत फारच आखूड आहे, आणि घाईत चूक होण्याचा संभव अधिक असतो हे मान्य केले पाहिजे.

रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत एक शब्द विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. यादीतील नावांशी 'साम्य' असलेली खातीही वित्तीय गुप्तवार्ता कक्षाला कळवावी लागतात. आता साम्य कशाला म्हणावे? येथे प्रश्न कायद्याचा न राहता लिपीचा होतो. उर्दूत ऱ्हस्व स्वर सहसा लिहिले जात नाहीत. 'मुहम्मद' हा शब्द चार व्यंजनांनी लिहिला जातो. रोमन लिपीत येताना कोणी 'ओ' घालतो, कोणी 'यू', आणि शेवटी कोणी 'ए' तर कोणी 'ई'. म्हणून संगणकाची आज्ञावली अक्षरांची सैल जुळणी करते. परिणामी 'अब्दुल' हे नाव शेकडो ठिकाणी जुळते. खरे म्हणजे 'अब्दुल' हे पूर्ण नावच नव्हे. 'अब्द' म्हणजे बंदा. पुढे 'करीम' किंवा 'रहमान' आल्याखेरीज अर्थ पुरा होत नाही. परंतु अर्जात पहिले नाव व आडनाव असे दोनच रकाने असतात, आणि हा समास तेथे मधोमध तोडला जातो. 'शेख'चेही तसेच आहे: कोणाच्या नावात ते आधी येते, कोणाच्या नंतर, आणि पिता-पुत्र दोघांच्याही नावात ते असू शकते.

मूळ यादी मात्र एवढी ढोबळ नाही. तिच्यात उपलब्ध असेल तेथे जन्मतारीख, जन्मस्थान, राष्ट्रीयत्व व पारपत्र क्रमांक दिलेले असतात, आणि उर्फ नावांचीही 'भक्कम' व 'कच्ची' अशी वर्गवारी केलेली असते. ओळख पटविताना नावाइतकाच हा तपशीलही विचारात घ्यावयाचा आहे. शिष्यवृत्तीचे खाते उघडणाऱ्या विद्यार्थ्याच्या अर्जात जन्मतारीख व वडिलांचे नाव दाखल्याप्रमाणे असेल, तर केवळ नावाच्या साम्यावरून आलेली शंका शाखेतच दूर होऊ शकते. दाखल्यावर 'मो.' असे तुटक नाव असल्यास ते दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरण्यापूर्वीच पूर्ण करून घेणे सोयीचे. पुढे गुणपत्रिकेत दुरुस्ती करणे किती किचकट असते, हे महाविद्यालयांच्या कार्यालयांना ठाऊक आहेच.

चुकून खाते गोठविले गेल्यास काय? यासाठीही तरतूद आहे, पण तिची माहिती फार थोड्यांना असते. बाधित व्यक्तीने आवश्यक पुराव्यांसह बँकेकडे लेखी अर्ज करावयाचा. बँकेने तो दोन कामकाजाच्या दिवसांत केंद्रीय नोडल अधिकाऱ्याकडे पाठवावयाचा असतो. 2009 च्या आदेशात निर्णयासाठी पंधरा कामकाजाचे दिवस होते. 2021 च्या आदेशानुसार खाते विनाविलंब मोकळे करावयाचे आहे, आणि पाच कामकाजाच्या दिवसांत तसा आदेश काढता न आल्यास अर्जदाराला कळवावे लागते. अर्ज तोंडी चालत नाही. बँकेकडून त्याची पोच तारखेसह घ्यावी, कारण दोन दिवसांची मोजणी तेथूनच करता येते.